हलव्याचे दागिने घेऊन नायगावला

नायगावला मुद्दाम कोणी जात नाही. किल्ला बघायचा तर माणसं वसईला उतरतात, जीवदानीला जायचं तर विरारला. नायगाव आलं की खिडकीतून मिठागरं बघून "हे पांढरं काय आहे हो?" एवढं विचारतात, आणि उत्तर मिळेपर्यंत स्टेशन मागे पडलेलं असतं. मी मात्र वाईहून निघाले ती नायगावसाठीच. मांडीवर पत्र्याचा डबा, आणि डब्यात माझ्या भाचीचे पहिल्या संक्रांतीचे हलव्याचे दागिने. ही नव्वदीच्या दशकातली गोष्ट. तेव्हा परगावी बोलायचं तर एस.टी.डी.च्या बूथवर रांग लावावी लागे.

प्रवासाचं फारसं सांगत नाही. डबा मी कोणाला धरायला दिला नाही आणि वर सामानाच्या फळीवरही ठेवला नाही, एवढं पुरे.

निघण्याआधीचं थोडं

मी आमच्या आळीतली हलवा करणारी बाई. पौषाची थंडी पडली की माझी शेगडी पेटते. निखाऱ्यांवर राख पसरायची, वर परात ठेवायची, परातीत तीळ नाहीतर साबुदाणा, आणि चमच्याने थोडा थोडा पाक सोडत बोटांनी दाणे फिरवत बसायचं. थंडी मनासारखी असली तर दोन-तीन दिवसांत दाण्याला काटा फुटतो. मग तो एकेक दाणा दोऱ्याच्या फासात अडकवायचा. मंगळसूत्र, बिंदी, तन्मणी, बाजूबंद, कंबरपट्टा, जावयाला हार. नव्या सुनेला काळी साडी नेसवून हे सगळं तिच्या अंगावर घालतात, चार बायका येऊन बघतात, आणि दिवस मावळायच्या आत घरातली पोरं दागिने खायला लागतात. इतक्या कष्टाचा दागिना एका दिवसात पोटात जातो, याचं मला कधी वाईट वाटलं नाही. तो त्यासाठीच असतो.

आळीतल्या कितीतरी सुना माझ्या दागिन्यांत नटल्या. पण त्यातल्या एकीच्याही अंगावर मी ते माझ्या हाताने घातलेले नाहीत. माझे यजमान मी तिशीत असतानाच गेले, आणि पहिल्या संक्रांतीचे दागिने आमच्याकडे सवाष्णीने घालायचे असतात. मी डबा द्यायचे आणि घरी परत यायचे. वाईट वाटायचं का? वाटायचं. पण भांडले कधी नाही, कारण भीती मलाही होती. नवा संसार असतो. आपल्या हाताने काही वेडंवाकडं व्हायला नको.

आता भाचीचं. रेणू म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची, सुमनची, एकुलती एक मुलगी. रेणू कॉलेजात असताना सुमन गेली. पुढे रेणू मुंबईला नोकरीला लागली आणि तिथे तिला संदीप भेटला. संदीप हे नाव ऐकून तिचे वडील, म्हणजे अप्पा, आधी खूश झाले होते. मुलगा ख्रिस्ती आहे हे नंतर कळलं. वसईकडच्या ख्रिस्ती घरांत अशी मराठी नावं सर्रास असतात, हे आम्हा घाटावरच्यांना कुठून ठाऊक असणार! आधी खूश होऊन बसल्यामुळे अप्पांना राग दुप्पट आला. लग्नाला कोणी गेलं नाही. दिवाळसणाला कोणी बोलावलं नाही. संक्रांत जवळ आली तेव्हा मीच अप्पांकडे जाऊन उभी राहिले.

"रेणूची पहिली संक्रांत आहे," मी म्हटलं.

"माझ्याकडून तिथं कोणी जायचं नाही, ताई," ते पेपरातून डोकं न काढता म्हणाले.

"तुमच्याकडून कोण जातंय? मी सुमनकडून जातेय."

पेपर हलला नाही. मी घरी येऊन शेगडी पेटवली.

रेणूला बूथवरून फोन करून सांगितलं की दागिने मी आणते, घालायला एखादी सवाष्ण तू बघून ठेव, जमलं तर आपल्याकडची. ती म्हणाली, स्टेशनजवळच्या नव्या बिल्डिंगमध्ये साताऱ्याच्या शिंदेवहिनी आहेत, त्यांना सांगते. मला एवढंच करायचं होतं: रेणूला माहेर आहे हे त्या घराला दिसलं पाहिजे. आणि खरं सांगायचं तर रेणूलाही दिसलं पाहिजे.

नायगाव

संदीप स्टेशनवर घ्यायला आला होता. उंच, सावळा, बोलायला संकोची मुलगा. वाकून नमस्कार केला आणि लगेच डब्याला हात घातला. मी डबा मागे ओढला. बिचाऱ्याला वाटलं, मावशी आपल्याला शिवू देत नाही. मला ते त्याच्या चेहऱ्यावर दिसलं आणि माझी मलाच लाज वाटली. "अरे, यात साखर आहे. धक्का लागला तर फुटेल," असं घाईघाईने म्हणाले, आणि माझी कपड्यांची जड पिशवी त्याच्या खांद्यावर दिली. पिशवी मिळाल्यावर तो हसला.

घर पश्चिमेच्या एका वाडीत. रिक्षा सोडली की दोन्ही बाजूंना केळी, मध्ये पाण्याचे पाट, पानवेलींचे मांडव, आणि कुठून तरी अबोलीचा नाही तर मोगऱ्याचा हारा घेऊन चाललेली बाई. आमच्याकडे अंगणात जिथे तुळशीवृंदावन असतं, तिथे इथे चुना लावलेला पांढरा क्रूस, आणि त्याला झेंडूची माळ. माळ बघून मला एकदम घरच्यासारखं वाटलं.

दारात विहीणबाई उभ्या होत्या. नाव मार्था. पदर खोचलेला, केसांत अबोलीचा गजरा. त्याही माझ्यासारख्याच, नवरा नसलेल्या. हे मला रेणूने आधी सांगितलं होतं, पण गजरा बघून मी क्षणभर गोंधळले.

"या, विहीणबाई. पहिल्यांदा माहेरचं माणूस आलं," त्या म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता. मी मात्र तो ऐकला, कारण मी ऐकायचाच असं ठरवून आले होते.

चहाबरोबर पाव आला. भट्टीतून नुकता काढलेला, हाताला गरम. संदीपच्या काकांची, इनासकाकांची, बेकरी घराला लागूनच आहे. वाईला पाव म्हणजे आजाऱ्याचं खाणं. इथे भाकरीच्या जागी पाव, सकाळी पाव, मटणाशी पाव. मी दोन खाल्ले आणि तिसरा घेतला.

बाहेरच्या खोलीत काचेची शोकेस होती. त्या काळी नवीन घर घेतलं की भिंतीला शोकेस हवीच असे. तीत आखातात असलेल्या पुतण्याने पाठवलेला काचेचा गोळा, हलवला की आत बर्फ पडणारा. शिंपल्यांचं गलबत, चिनी मातीचा कुत्रा, मेणाची मेरीमाता, लग्नाच्या केकवरचं प्लास्टिकचं जोडपं. मी विचारलं, या सगळ्याला तुमच्यात काय म्हणतात?

"काय म्हणणार? शोभेचं," मार्थाबाई म्हणाल्या. "संदीप शोपीस म्हणतो. माझी सासू म्हणायची, धूळ खायच्या वस्तू."

मी म्हटलं, आमच्याकडे किडुकमिडुक म्हणतात, पण त्यात सोन्याचा फुटका मणीसुद्धा येतो. अडीनडीला विकायला काढतात तेही किडुकमिडुकच. रेणू म्हणाली, तिच्या ऑफिसात याला गिफ्ट आर्टिकल म्हणतात. मार्थाबाईंनी बर्फाचा गोळा हातात घेऊन हलवला आणि म्हणाल्या, "मी आपली प्रत्येकाला त्या त्या माणसाच्या नावाने ओळखते. हा आमचा पीटर. हे गलबत म्हणजे संदीपचे बाबा." नवऱ्याने साखरपुड्यानंतर जत्रेतून आणलेलं ते गलबत. त्याचं शीड दोनदा डिंकाने चिकटवलं होतं.

मग मी डबा उघडला. एकेक दागिना कागदातून काढून दाखवला, नाव सांगितलं. बिंदीला बिंदीच म्हणतात का, तन्मणी कुठे येतो, बाजूबंद कोपराच्या वर की खाली, सगळं त्यांनी विचारून घेतलं. कंबरपट्टा त्यांना फार आवडला. शेवटी जरा थांबून त्यांनी मनातलं विचारलं, "विहीणबाई, यात पूजा असते का? नाही म्हणजे, माझी हरकत नाही. पण देवळात कोणी विचारलं तर सांगायला पाहिजे." इथे चर्चला देऊळच म्हणतात.

"पूजा नाही हो," मी म्हटलं. "नुसतं कोडकौतुक."

"मग कौतुकाला काय कोणाची परवानगी घ्यायची!" असं म्हणून त्यांनी पाव पुन्हा माझ्या बशीत ठेवला.

माझं शहाणपण

आता जे झालं ते सांगते. यात दोष हवेचा, आणि माझ्या घाटी डोक्याचा.

वाईला हलव्याचे दागिने केले की ते उघड्यावर ठेवतात. परातीवर पसरून, वारा लागेल असे. पौषातला कोरडा वारा लागला की दाणा कडक होतो आणि काटा टिकतो. दागिने डब्यात कोंडून ठेवणं म्हणजे अडाणीपणा, असं मी आळीतल्या पोरींना शिकवत आले. तर मी त्या घरात पहिलं काय केलं असेल? सगळे दागिने खिडकीशी पलंगावर पांढऱ्या पंचावर मांडले, खिडकी सताड उघडली, आणि समाधानाने वाडी बघायला गेले. खिडकीसमोर खाडी.

परत आले तेव्हा पंचा ओला होता. दाणे एकमेकांना चिकटले होते. काटा नाहीच, नुसते गुळगुळीत पाणावलेले गोळे. बिंदीच्या काळ्या कापडाचा रंग साखरेत उतरून ती करडी झाली होती. तन्मणी उचलायला गेले तर दोरा वर आला आणि तन्मणी पंचावरच राहिला. उरलेल्या कामाला मुंग्या लागल्या होत्या.

मी पलंगावर बसले आणि रडले. उगाच डोळ्यात पाणी वगैरे नाही, चांगली हुंदके देऊन रडले. इतक्या दिवसांचं काम गेलं म्हणून नाही. अप्पांचा पेपर डोळ्यासमोर आला म्हणून. माहेरचं एकच माणूस आलं, आणि ते असं रिकाम्या हातांनी!

रेणू म्हणाली, "राहू दे ना मावशी. तू आलीस तेवढं पुरे."

हे वाक्य ऐकलं आणि माझं रडू थांबलं. 'तेवढं पुरे' म्हणायची सवय तिला लागली होती. लग्नाला कोणी नाही, पुरे. दिवाळीला कोणी नाही, पुरे. ही सवय मोडायची असं मी तिथेच ठरवलं.

"शेगडी कुठे मिळेल?" मी विचारलं.

बाजारात साबुदाणा आणि दोरा घ्यायला मी रेणूबरोबर गेले. स्टेशनजवळ शेजारच्या जूचंद्र गावची एक बाई भाजी घेऊन बसली होती. हिरवं लुगडं, हातभर बांगड्या. तिच्याशी बोलता बोलता मी हलव्याची कहाणी सांगून टाकली. मला तेव्हा कोणालाही सांगायची होती.

"खिरकी उघरी ठेवलीस?" ती हसायलाच लागली. "हवेन पानी हाय गो आमचे! मीठ पिकतं हितं. साखर कशी रवल?"

हसू मलाही आलं. तिने वालाच्या शेंगा मापून झाल्यावर वर दोन मुठी घातल्या. "घे, भोगीला लागतीन तुना," असं म्हणाली. भोगीची भाजी तिलाही ठाऊक होती याचा मला फार आधार वाटला.

बेकरीत

शेगडीवर पहिला प्रयत्न मार्थाबाईंच्या स्वयंपाकघरात केला. सकाळभर बोटं फिरवली. पाक सुकेना, दाणे लाडवासारखे गोळा होऊ लागले. काटा राहिला बाजूला, दाणा मोकळा होईना.

मार्थाबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. त्या नाताळला मार्झिपान म्हणून काजू-साखरेची मिठाई करतात, मासा, पान, गुलाब असे रबरी साच्यांतून काढून. म्हणाल्या, "माझं सामान ओलं राहिलं की मी इनासच्या भट्टीमागे नेऊन ठेवते. तिकडे टोस्ट सुकवतात. चला."

भट्टीमागची खोली म्हणजे काळोखी, बुटकी, उबदार जागा. भिंत भट्टीची, त्यामुळे हात लावला तर चटका बसे. फळ्यांवर टोस्ट मांडलेले. आणि हवा अशी कोरडी की मला वाईचीच आठवण झाली, फक्त थंडीच्या जागी उकाडा. इनासकाका गोल पोटाचे, कपाळावर कायम पीठ. त्यांना सगळं समजावून सांगितलं.

"म्हणजे वैनी, साखरेला उष्णता पाहिजे आणि वर थंडीपण पाहिजे?" ते म्हणाले. "एकाच वेळी दोन्ही?"

"हो."

"अशी सून आणली असती तर घरात भांडणं झाली असती," असं म्हणून ते हसत गेले आणि घरचा उभा पंखा खांद्यावर घेऊन आले. पंखा लावला. दुसऱ्या क्षणी खोलीभर मैदा उडाला. मी, मार्थाबाई, रेणू, टोस्ट, सगळे पांढरे. रेणू हसून हसून भिंतीला टेकायला गेली आणि चटका बसून ओरडली. लग्नानंतर तिला इतकं हसताना मी पहिल्यांदा बघत होते. म्हणजे लग्नानंतर मी तिला पहिल्यांदाच बघत होते, पण तरी.

मैदा झाडून, पंख्याचं तोंड वळवून, भट्टीतल्या निखाऱ्यांवर राख घालून आम्ही बसलो. मी पाक सोडायचे, बोटं फिरवायचे. माझी बोटं भाजली की मार्थाबाई बसायच्या. त्यांचा हात हलका होता, मार्झिपानचा सराव. मी शिकवायला लागले की त्या मान डोलवायच्या आणि स्वतःच्याच पद्धतीने फिरवायच्या. मला राग यायचा. दाणे बरे यायचे, म्हणून गप्प बसायचे.

भोगी त्या गडबडीतच आली. बाजरीचं पीठ मी आणलेलं होतं, तीळ लावून भाकऱ्या केल्या. भाजी मार्थाबाईंनी केली. वालाच्या शेंगा, वांगी, गाजर, हरभरे, सगळं मी सांगितल्याप्रमाणे. पहिला घास घेतला आणि दाताखाली वेगळंच काहीतरी आलं. मार्थाबाई हौसेने म्हणाल्या, "नुसती भाजी फिकी लागेल म्हणून थोडी सुकट घातली."

भोगीच्या भाजीत सुकी कोळंबी! रेणूने ताट पुढे ओढून माझ्याकडे बघितलं. तशी मी मांस-मच्छी खाणारी आहे, पण भोगीला कधी नाही. मी खाल्ली. छान लागली. हे अप्पांना कळलं तर ते मला घरात घेणार नाहीत, असं म्हटलं, तर मार्थाबाई म्हणाल्या, "मग इथेच राहा. टोस्टच्या खोलीत तुमची सोय करू."

त्या दिवशी दुपारनंतर दाण्याला काटा आला. वाईसारखा भरघोस नाही, बारीक, कोवळा. पण काटा. इनासकाकांनी एक दाणा तळहातावर घेऊन बराच वेळ बघितला. खायला मात्र धजेनात. सगळे दागिने होतील एवढा हलवा झाला नव्हता. मंगळसूत्र, बिंदी, हार आणि कंबरपट्टा, एवढंच जमणार होतं. कानातलं राहत होतं. मार्थाबाईंनी आपला गुलाबाचा साचा काढला आणि मार्झिपानची दोन फुलं भट्टीमागे वाळवून दिली. त्या त्याला गुलाब म्हणत राहिल्या, मी कर्णफुलं.

संक्रांत

या वेळी दागिने बेकरीतच ठेवले, शेवटच्या घडीपर्यंत. मी सुधारले होते.

रेणू काळी साडी नेसून बाहेरच्या खोलीत पाटावर बसली. शेजारी संदीप, अवघडलेला. आजूबाजूच्या वाड्यांतल्या बायका कुतूहलाने आलेल्या. शिंदेवहिनी वेळेवर आल्या. ठेंगणी, हसरी, तोंडभर बोलणारी बाई. "इकडे येऊन इतकी वर्षं झाली, पण हलव्याचे दागिने बघितले नव्हते हो! अगदी गावाला गेल्यासारखं वाटतंय," म्हणाल्या. त्यांनी हळदीकुंकवाचं तबक रेणूपुढे ठेवलं. मी दागिन्यांची परात त्यांच्या हातात दिली आणि नेहमीसारखी स्वयंपाकघराच्या दाराकडे निघाले.

"मावशी, कुठे चाललीस?" रेणू म्हणाली.

"आहे ना इथेच. घाला हो वहिनी."

शिंदेवहिनींनी बिंदी उचलली. रेणूने हात वर करून कपाळ झाकलं.

"मावशी घालेल," ती म्हणाली.

मी रेणूजवळ जाऊन हळू आवाजात म्हटलं, "वेडेपणा करू नकोस. चांगलं नसतं ते. संदीप शेजारी बसलाय तुझ्या."

"मग मला दागिने नकोत," तीही तितक्याच हळू म्हणाली. "आई नाही. अप्पा आले नाहीत. तू एवढ्या लांबून आलीस, बोटं भाजून घेतलीस. आणि घालणार कोण, तर ज्यांना मी मागच्याच आठवड्यात ओळखायला लागले त्या! तसं असेल तर राहू दे सगळं. पुरे."

पुन्हा ते 'पुरे'. मी संदीपकडे बघितलं. चांगला मुलगा. त्याला काही झालं तर? लहानपणापासून रक्तात भिनलेली भीती ती, अशी चार वाक्यांनी जात नाही. मी मार्थाबाईंकडे बघितलं, कारण मुलगा त्यांचा होता.

त्यांना आधी काय चाललंय ते कळलंच नव्हतं. शिंदेवहिनींनी कानात सांगितलं. मार्थाबाईंच्या कपाळाला आठी पडली.

"हे कसलं?" त्या म्हणाल्या. "संदीपच्या लग्नात देवळातून आल्यावर उंबऱ्यात दोघांच्या कपाळावर क्रूस मी काढला. माझ्या ह्याच हाताने. तेव्हा माझा नवरा होता का? आशीर्वाद द्यायला नवरा कशाला लागतो?" मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "माझ्या मुलाचं मी बघते. तुम्ही तुमच्या मुलीचं बघा."

माझी मुलगी! इतक्या वर्षांत मला कोणी असं म्हटलं नव्हतं.

शिंदेवहिनी परात घेऊन तशाच उभ्या होत्या. सवाष्ण बाई, साताऱ्याकडची, आमच्याच चालीरीतीत वाढलेली. मला वाटलं, आता या काहीतरी बोलणार. त्या पुढे आल्या आणि परात माझ्या हातात दिली. "घ्या मावशी. माझे हात तेलकट आहेत," असं म्हणून बाजूला झाल्या. हात तेलकट नव्हते.

मी बिंदी लावली. दागिने केले खूप, पण घातले कधी नव्हते; फास केसांत अडकेना. मार्थाबाईंची ती गुलाबाची कर्णफुलं कानात घातली. मंगळसूत्र घातलं, तेव्हा रेणूने माझा हात गळ्याशी घट्ट धरून ठेवला. कंबरपट्ट्याला दोन माणसं लागतात. एकाने पुढून धरायचा आणि दुसऱ्याने मागून गाठ मारायची. मार्थाबाई न सांगता पाटापाशी बसल्या आणि त्यांनी पुढचं टोक धरलं. मी मागून गाठ मारली. दोन विधवा बायका, मध्ये काळ्या साडीतली पोर. मला भीती वाटत होती का? वाटत होती. पण गाठ मी घट्ट मारली.

मग संदीपला हार घातला, आणि इनासकाकांनी एकदाचा धीर करून परातीतला उरलेला दाणा तोंडात टाकला. "अरे! ही तर साखर आहे," म्हणाले. सगळ्या बायका हसल्या आणि एकदमच बोलायला लागल्या. रेणूने आलेल्या प्रत्येक बाईला वाण दिलं, बाजारातून आणलेली शिंपल्याची छोटी डबी. ती मार्थाबाईंना दिली आणि मलाही दिली. शिंदेवहिनींनी कुंकवाचं बोट माझ्या कपाळाकडे आणलं, जरा थांबल्या, आणि मी कपाळ पुढे केलं.

संध्याकाळी पोरांनी कंबरपट्टा खाल्ला. रेणूने बिंदी मात्र कोणाला दिली नाही. टोस्टच्या डब्यात घालून तिने ती शोकेशीत ठेवली. मी म्हटलं, या हवेत टिकायची नाही ती. ती म्हणाली, टिकेल तितकी टिकेल.

परत

वाईला आले तेव्हा घाटावर कडाक्याची थंडी होती. त्याच संध्याकाळी अप्पांकडे गेले. रेणूने निघताना एक पुडी दिली होती. "अप्पांना दे. नाही घेतलं तर पाखरांना टाक," एवढंच म्हणाली होती.

अप्पा झोपाळ्यावर होते. मी सगळं सांगितलं. खिडकी, भट्टी, उडालेला मैदा, शिंदेवहिनी. सुकट तेवढी वगळली. ते ऐकताहेत की नाही, कळत नव्हतं. शेवटी त्यांनी विचारलं, "दागिने घातले कोणी?"

"मी."

मला वाटलं, आता ओरडतील.

"सुमन असती तर तिने घातले असते," मी म्हटलं. "तुम्ही आला असतात तर मी मागे उभी राहिले असते. कोणीच नव्हतं. मग मी घातले. आणि पुढे रेणूचं जे काही असेल, डोहाळजेवण असो की बारसं, ते मीच करणार आहे. तुम्हाला विचारायला येणार नाही. यायचं असेल तर या."

मी पुडी उघडून झोपाळ्यावर त्यांच्या बाजूला ठेवली आणि उठले. दाराशी चपला घालत होते, तेव्हा झोपाळा थांबल्याचं ऐकू आलं. वळून बघितलं. अप्पांनी एक दाणा उचलून तोंडात टाकला होता आणि दाढेखाली चावत होते.

"काटा कमी आलाय," ते म्हणाले.

"तिकडे थंडी नाही," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली आणि पुडीतला दुसरा दाणा घेतला.